जास्त कावीळ झालेल्या बाळाची कानाची टेस्ट आणि मेंदूवरचा परिणाम: आईबाबा नेहमी विचारतात ते प्रश्न

माझा मुलगा आता सहा वर्षांचा आहे. जन्मानंतर पाचव्या दिवशी त्याचं बिलिरुबिन, म्हणजे कावीळ आणणारा रक्तातला पिवळा पदार्थ, ३१ आलं, रात्रीतून रक्त बदलावं लागलं, बारा दिवस एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात होता. डिस्चार्जच्या दिवशी कानाची एक पाच मिनिटांची टेस्ट झाली, फाइलवर दोन्ही कान पास असं लिहून मिळालं आणि आम्ही घरी आलो. त्याला नीट ऐकू येत नाही हे कळायला आम्हाला चौदा महिने लागले. आता थेरपी सेंटरच्या बाकड्यावर बसलेल्या नवीन आया मला जे प्रश्न विचारतात ते आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवतेय. मी डॉक्टर नाही. पण सहा वर्षांत बालरोगतज्ज्ञ, न्यूरोलॉजिस्ट, ऑडिओलॉजिस्ट (ऐकण्याची तपासणी करणारे) सगळ्यांना खोदून खोदून विचारलंय, त्यामुळे जे पक्कं माहीत आहे तेवढंच लिहिते, उपचार तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचे.

कावीळ तर सगळ्याच बाळांना होते म्हणतात, मग एवढं घाबरायचं कशाला?

बहुतेकांना होते हे खरंच आहे. पूर्ण दिवसांच्या शंभरातल्या साधारण साठ बाळांना आणि कमी दिवसांच्या ऐंशी बाळांना पहिल्या आठवड्यात पिवळेपणा दिसतो. पोटात असताना बाळाच्या रक्तात लाल पेशी जास्त असतात, जन्मल्यावर त्या फुटतात, त्यातून बिलिरुबिन तयार होतं आणि ते बाहेर टाकणारं लिव्हर अजून कच्चं असतं, एवढीच गोष्ट. पूर्ण दिवसांच्या बाळात तिसऱ्या ते पाचव्या दिवशी आकडा सगळ्यात वर जातो, मग आपोआप उतरतो.

पण थोड्या बाळांमध्ये तो उतरत नाही, चढतच जातो. रक्तात बिलिरुबिन अल्ब्युमिन नावाच्या प्रोटीनला चिकटून फिरतं, तोवर ते मेंदूत शिरत नाही. प्रमाण फार वाढलं, किंवा अल्ब्युमिन कमी असलं, किंवा बाळाला इन्फेक्शन असलं की सुटं बिलिरुबिन उरतं आणि ते मेंदूत जातं. तेही सगळीकडे सारखं बसत नाही, ठरावीक केंद्रांवर बसतं. १९०४ मध्ये श्मोर्ल नावाच्या जर्मन पॅथॉलॉजिस्टने अशा बाळांच्या मेंदूतली ही पिवळी पडलेली केंद्रं बघून या आजाराला कर्निक्टरस नाव दिलं. तेच नाव आजही चालतं.

किती आकडा म्हणजे जास्त?

सगळ्यांना हा एकच प्रश्न असतो आणि याचं एका आकड्यात उत्तर नाही. बाळ किती आठवड्यांचं, किती तासांचं, आणि धोक्याच्या आणखी काही गोष्टी आहेत का, हे बघून डॉक्टर तक्त्यावरून ठरवतात. १५ हा आकडा चौथ्या दिवशीच्या धडधाकट बाळात बऱ्याचदा नुसतं लक्ष ठेवण्याइतकाच असतो, पण तोच पहिल्या चोवीस तासांत आला तर इमर्जन्सी आहे. मोठ्या आणि तब्येतीने चांगल्या बाळात साधारण २५ च्या आसपास रक्त बदलण्याची तयारी सुरू होते. ३८ आठवड्यांच्या आधी जन्मलेलं बाळ, आईबाळाचा रक्तगट न जुळणं, जी-सिक्स-पीडी नावाच्या एन्झाइमची कमतरता, इन्फेक्शन, अल्ब्युमिन ३ च्या खाली, यातलं काही असेल तर त्याच्या बरंच आधी. आणि मेंदूवर परिणामाची लक्षणं दिसायला लागली तर आकड्याची वाट न बघता रक्त बदलतात. त्यामुळे "शेजारच्या बाळाचं १८ होतं, काही केलं नाही" याचा तुमच्या बाळाशी काही संबंध नाही.

घरी असताना नेमकं काय बघायचं?

हे मी जरा सविस्तर लिहिते कारण आमचं इथेच चुकलं. दुसऱ्या दिवशी डिस्चार्ज मिळाला, मी माहेरी गेले. बाळंतिणीची खोली म्हणजे खिडकी बंद, पडदा ओढलेला, पिवळा बल्ब. त्या उजेडात पिवळं बाळ पिवळं दिसतच नाही. आणि आकडा चढायचे दिवस कोणते तर तिसरा, चौथा, पाचवा, म्हणजे नेमकी पाचवीच्या पूजेची गडबड, घरात पाहुणे, बाळ या मांडीवरून त्या मांडीवर. सगळ्या बायका म्हणत होत्या किती गुणी बाळ आहे, रडत नाही, नुसतं झोपतं. तो गुणी नव्हता हो, तो सुस्त झाला होता.

तर बाळाला दिवसा खिडकीपाशी न्या, कपडे काढा, कपाळावर, छातीवर, मग मांडीवर बोटाने दाबून सोडा आणि खालची कातडी बघा. पिवळेपणा तोंडाकडून पायाकडे उतरत जातो, तळवे पिवळे दिसले म्हणजे बराच वाढलाय. सावळ्या बाळात हे नीट कळत नाही, तिथे डोळ्यांचा पांढरा भाग आणि हिरड्या बघा. तरी नजरेवर फार भरवसा ठेवू नका, शंका आली की रक्त तपासा किंवा जिथे कातडीवर टेकवून मोजायचं मशीन असेल तिथे मोजून घ्या.

आणि पुढची लक्षणं असतील तर उद्यावर ढकलायचं नाही, त्याच तासाला निघायचं: दूध ओढत नाही, उठवूनही उठत नाही, अंग लोळागोळा झालंय, रडणं एकदम तारस्वरात चिरकं झालंय, मान आणि पाठ मागे धनुष्यासारखी ताणतोय, ताप, झटके, श्वास थांबणं. पहिल्या पायरीवर, म्हणजे नुसती सुस्ती असताना उपचार झाले तर बाळं पूर्ण बरी होण्याची शक्यता खूप असते. पाठीची कमान होईपर्यंत थांबलं तर नुकसान राहून जाण्याची भीती फार वाढते.

कोवळ्या उन्हात ठेवलं तर नाही का उतरणार?

आमच्याकडेही हाच सल्ला मिळाला होता आणि त्यात दोन दिवस गेले. उजेडाने बिलिरुबिनचं रूप बदलतं हे खरं आहे, फोटोथेरपी निघालीच त्यातून. १९५६ मध्ये इंग्लंडमधल्या रॉचफर्ड हॉस्पिटलमधल्या सिस्टर वॉर्ड बाळांना बागेत उन्हात न्यायच्या, त्यांच्या लक्षात आलं की ऊन लागलेली कातडी फिकट आणि झाकलेली पिवळीच राहते, आणि तिथल्याच डॉक्टरांनी १९५८ मध्ये लाईटचा उपचार जगापुढे मांडला. पण उन्हात उघडं ठेवलेलं बाळ तापतं किंवा गारठतं, कातडी भाजू शकते, किती डोस मिळाला ते कुणी मोजत नाही, आणि आपण काहीतरी करतोय या समाधानात टेस्ट लांबते. हे शेवटचं सगळ्यात वाईट. हॉस्पिटलमधला निळा लाईट ४६० ते ४९० नॅनोमीटरच्या पट्ट्यातला असतो, बाळाच्या अंगाच्या जास्तीत जास्त भागावर पडतो, त्याची बरोबरी खिडकीतलं सकाळचं ऊन करू शकत नाही.

कावीळ उतरवणारा, गळ्यात माळ, नाकात थेंब, डाग देणं, यातलं काहीही बाळाला नको. आणि ग्लुकोजचं पाणी, मध, गुटीसुद्धा नको. नुसतं दूध, दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा. शी होते तेव्हा बिलिरुबिन त्यातूनच बाहेर जातं.

लाईटखाली ठेवल्यामुळे कान खराब झाला का?

नाही. डोळ्यांना पट्टी असते, लाईट अल्ट्राव्हायोलेट नसतो. कानाला धोका वाढलेल्या बिलिरुबिनचा, लाईटचा नाही.

मग कावीळ आणि कानाचा संबंध काय?

मी मघाशी म्हटलं ना की बिलिरुबिन ठरावीक जागी बसतं. त्यातली एक जागा म्हणजे मेंदूच्या देठातली ऐकण्याची केंद्रं आणि कानाकडून तिकडे जाणारी नस. या पेशी बिलिरुबिनला फारच नाजूक असतात, म्हणून हातापायांत काहीच दिसत नसतानाही कधीकधी फक्त ऐकण्यावर परिणाम झालेला असतो. कानाच्या आतला शंख मात्र, म्हणजे आवाज पकडणाऱ्या बारीक केसांच्या पेशी, बहुतेक वेळा शाबूत राहतात.

हे एक वाक्य लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं यावर आहे. कान चांगला, रस्ता खराब.

आमची ओएई टेस्ट पास आहे. आता बेरा कशाला?

हा प्रश्न ज्याने विचारला त्याच्यासाठीच मी हे सगळं लिहायला बसले.

ओएई म्हणजे बाळाच्या कानात छोटा बोळा घालून आवाज सोडतात आणि कानाच्या शंखातून उलटा येणारा बारीक प्रतिध्वनी मशीन पकडतं. तो प्रतिध्वनी त्या केसांच्या पेशींमधून येतो. म्हणजे ओएई फक्त शंखापर्यंतचं सांगते. त्याच्या पुढे नस आहे, मेंदूचं देठ आहे, तिथे आवाज पोचतोय का हे ओएईला कळतच नाही. आणि काविळीचं नुकसान नेमकं तिथेच होतं. त्यामुळे जास्त कावीळ झालेलं बाळ ओएई मस्त पास होऊ शकतं आणि तरी त्याला बोलणं कळत नसतं. याला ऑडिटरी न्यूरोपथी म्हणतात, १९९६ मध्ये स्टार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे नाव दिलं.

बेरा, ज्याला काही ठिकाणी एबीआर पण म्हणतात, ती वेगळी टेस्ट आहे. कपाळाला आणि कानामागे चिकटपट्टीसारखे इलेक्ट्रोड लावतात, कानात टकटक असा आवाज सोडतात आणि नसेतून मेंदूच्या देठापर्यंत जाणारी विजेची लहर कागदावर येते. पहिली लाट नसेची, तिसरी साधारण देठाच्या खालच्या केंद्रांची, पाचवी त्याच्याही वरची. बिलिरुबिनचा त्रास सुरू झाला की आधी या लाटांमधलं अंतर वाढतं, मग तिसरी आणि पाचवी बारीक होतात आणि शेवटी दिसेनाशा होतात. वेळेवर रक्त बदललं तर त्या परत आल्याचंही डॉक्टरांनी पाहिलेलं आहे, म्हणजे ही टेस्ट कानाएवढीच मेंदूचीही खबर देते.

जॉइंट कमिटी ऑन इन्फन्ट हिअरिंग नावाची अमेरिकेतली समिती आहे, तिचे नियम बऱ्याच देशांत पाळतात. त्यांनी स्पष्ट लिहिलंय की पाच दिवसांपेक्षा जास्त एनआयसीयूत राहिलेल्या बाळाचं स्क्रीनिंग एबीआरनेच करा, नुसत्या ओएईवर सोडू नका. रक्त बदलावं लागलेलं बाळ त्यांनी धोक्याच्या यादीतच घातलंय, मग ते कितीही दिवस ॲडमिट असो. आम्हाला हे कुणीच सांगितलं नाही. फाइलवर पास लिहिलेलं होतं आणि मी वर्षभर घरात कुणी शंका काढली की ती फाइल उघडून दाखवत होते.

म्हणून डिस्चार्जच्या वेळी तोंड उघडून विचारा: ही ओएई होती की बेरा? ओएईच असेल तर बेराची तारीख कागदावर लिहून घ्या.

बेरा कधी करायची आणि किती वेळा?

ढोबळ नियम एक, तीन, सहा असा आहे. एक महिन्याच्या आत स्क्रीनिंग, काही गडबड वाटली तर तीन महिन्यांच्या आत पूर्ण तपासणी, आणि सहा महिन्यांच्या आत मशीन, थेरपी जे लागेल ते सुरू. रक्त बदललेलं बाळ पहिल्या टेस्टला पास झालं तरी नऊ महिन्यांपर्यंत ऑडिओलॉजिस्टकडे एकदा परत पूर्ण तपासून घ्यायचं. पहिली टेस्ट बिघडली असेल तर लगेच हातपाय गाळू नका, काही बाळांची पहिल्या वर्षभरात सुधारते, म्हणून परत परत करतात. पण सुधारेल म्हणून नुसतं बसूनही राहू नका.

एनआयसीयूत जेंटामायसिन, अमिकासिन अशी इंजेक्शनं दिली असतील तर तेही ऑडिओलॉजिस्टला सांगा, त्यांचा त्रास शंखाला होऊ शकतो, म्हणजे अशा बाळाला दोन्हीकडून धोका.

टेस्टला जाताना काय तयारी करू?

बाळ गाढ झोपलेलं लागतं, सगळी लढाई तीच. आदल्या रात्री थोडं उशिरा झोपवा, सकाळी लवकर उठवा, आणि येताना रिक्षात किंवा गाडीत झोपू देऊ नका, गाणी म्हणा, पाय चोळा, काहीही करा. पोचल्यावर इलेक्ट्रोड लावून झाले की मग पाजा, पोट भरलं की झोपतं. लहान बाळाला शक्यतो औषधाची गरज पडत नाही, मोठं असेल तर झोपेचं सिरप देतात, ते डॉक्टरांच्या समोरच द्यायचं.

त्या दिवशी तेल लावू नका. टाळू भरणं, मालिश, कपाळाला तीट, सगळं घरी आल्यावर. तेलकट कातडीवर इलेक्ट्रोड नीट बसत नाही आणि रिपोर्टमध्ये नुसता कचरा येतो, आमची पहिली टेस्ट त्याच्यापायीच फुकट गेली, आईने मायेने डोकं तेलाने चोपडून पाठवलं होतं. कानात तेल घालायची पद्धत असेल तर ती कायमचीच बंद करा. सर्दी असेल तर आधी फोन करून विचारा, कानाच्या पडद्यामागे पाणी साठलं असेल तर रिपोर्ट बिघडतो. मोबाईल बंद. दीड-दोन तास हाताशी ठेवून जा.

रिपोर्टमध्ये आपण काय बघायचं?

शेवटची ओळ वाचून गप्प बसू नका. प्रत्येक कानाला पाचवी लाट किती डेसिबलपर्यंत दिसली ते बघा, ३० किंवा त्याच्या खालपर्यंत दिसत असेल तर चांगलं. मग पहिल्या ते पाचव्या लाटेतलं अंतर वयाच्या मानाने ठीक आहे का ते विचारा. आणि लाटा दिसतच नसतील तर एक प्रश्न नक्की विचारा: कॉक्लिअर मायक्रोफोनिक, म्हणजे शंखातल्या केसांच्या पेशींची विजेची खूण, बघितलं का? ते बघायला टकटक आवाज दोन उलटसुलट प्रकारे सोडावा लागतो, एकाच प्रकारे टेस्ट केली तर ते ओळखता येत नाही आणि ऑडिटरी न्यूरोपथीच्या बाळावर सरसकट पूर्ण बहिरेपणाचा शिक्का बसतो.

पण टाळी वाजवली की दचकतो, मग ऐकू येतंच की?

माझी सासू ताटली आपटून दाखवायची आणि म्हणायची बघ वळला. वळायचा पण. ऑडिटरी न्यूरोपथीत हेच फसवं असतं, आवाज आला हे कळतं पण काय आला ते कळत नाही. मोबाईलला रेंज नसल्यावर समोरच्याचं बोलणं कसं तुटक तुटक येतं, माणूस बोलतोय एवढं समजतं, शब्द नाही लागत, तसं काहीसं. त्यात एखाद्या दिवशी बरं ऐकेल, एखाद्या दिवशी अजिबात नाही, आणि लग्नाच्या हॉलसारख्या गोंगाटात तर काहीच नाही. घरातल्या ताटली-टाळीच्या टेस्टवर काहीही ठरवू नका.

बेरामध्ये एकही लाट नाही. म्हणजे ठार बहिरा आहे का?

असं लगेच म्हणता येत नाही. ओएई चांगली किंवा मायक्रोफोनिक चांगलं आणि बेरा कोरी, असं असेल तर नसेतून संदेश एका तालात जात नाहीये एवढंच बेरा सांगते, किती ऐकू येतं ते सांगत नाही. अशा मुलांना कमी, मध्यम, जास्त कितीही ऐकू येत असू शकतं. म्हणून बेराच्या आकड्यावरून थेट कानाचं मशीन लावायचं नसतं. बाळ सहा-आठ महिन्यांचं झालं, मान वळवायला लागलं की साउंड रूममध्ये बसवून आवाजाला कसा वळतो हे बघतात, त्यावरून ठरतं. काविळीच्या मुलांचा इथे वेगळाच घोळ होतो, मानच धरत नसेल तर वळणार कशी? मग डोळे हलतात का, चोखणं थांबतं का, चेहरा बदलतो का हे बघावं लागतं, आणि त्यासाठी हात बसलेला, दमाने बघणारा ऑडिओलॉजिस्ट लागतो. आमची ऑडिओलॉजिस्ट एकेका वेळी तासभर खाली फरशीवर बसून असायची, तिचे उपकार मी विसरणार नाही.

मशीन लावायचं की कॉक्लिअर इम्प्लांट?

आधी बहुतेक ठिकाणी कानामागचं मशीन काही महिने लावून बघतात. काही मुलांना फायदा होतो. बऱ्याच जणांना आवाज मोठा होतो पण साफ होत नाही, कारण गडबड आवाजाच्या मोठेपणात नाहीच, तालात आहे. अशांना इम्प्लांटचा, म्हणजे ऑपरेशनने कानात बसवायच्या यंत्राचा फायदा होऊ शकतो, कारण ते नसेला थेट विजेचे एका तालातले ठोके देतं. काविळीमुळे ऐकणं गेलेल्या बऱ्याच मुलांना इम्प्लांटने चांगला फरक पडलाय, पण प्रत्येकाला सारखा नाही, आणि आधी आपोआप सुधारतंय का यासाठी थोडं थांबतात. आमचं तीन वर्षांचा असताना झालं. दोन वर्षं ऐकण्याची थेरपी घेतल्यावर तो "आई पाणी" म्हणाला, ते पण पाठ करून नाही, तहान लागली होती म्हणून.

दरम्यान हातवारे, खुणा, चित्रं, चेहरा समोर ठेवून बोलणं, सगळं चालू ठेवा. खुणा शिकवल्या तर बोलणार नाही ही भीती बाळगू नका. हातावर ताबा नसेल तर मुलाला खुणा करता येणार नाहीत कदाचित, पण तुमच्या केलेल्या कळतील, आणि कळणं आधी.

मेंदूवर आणखी काय काय परिणाम होऊ शकतात?

पूर्ण कर्निक्टरसमध्ये चार गोष्टी एकत्र दिसतात. हालचालींवर ताबा नसणं, म्हणजे हात घेऊ बघतो वाटीकडे आणि जातो भलतीकडे, अंग पिळवटतं, आनंद झाला किंवा दचकला की जास्तच, आणि झोपला की सैल. दुसरं ऐकणं. तिसरं डोळे वर फिरवता न येणं, माझा मुलगा पंखा बघायला पूर्ण डोकं मागे टाकतो ते मला किती दिवस लाड वाटायचा. चौथं दुधाच्या दातांवरचं आवरण कच्चं असणं, दात पिवळट-हिरवट आणि लवकर किडणारे. पण सगळ्यांना सगळं होतं असं नाही. कुणाला फक्त ऐकण्याचं, कुणाला फक्त हालचालीचं, कुणाला दोन्ही थोडं थोडं.

सुरुवातीच्या महिन्यांत बाळ बऱ्याचदा लोळागोळा असतं आणि मान धरायला उशीर होतो, पिळवटणाऱ्या हालचाली नंतर दिसायला लागतात, त्यामुळे चार महिन्यांना "अजून तरी ठीक" म्हणालेले डॉक्टर दीड वर्षांनी वेगळं सांगतात, त्यात खोटेपणा नसतो. म्हणून तीन, सहा, नऊ, बारा, अठरा आणि चोवीस महिन्यांना दाखवत राहायचं. तिसऱ्या महिन्यात बाळाच्या हालचालींचा व्हिडिओ काढून त्यावरून अंदाज बांधायची एक पद्धत आहे, जनरल मूव्हमेंट्स म्हणतात, तुमच्या शहरात कुणी करत असेल तर जरूर करा.

एमआरआय नॉर्मल आहे, म्हणजे सुटलो का?

शंभर टक्के नाही. एमआरआयमध्ये ग्लोबस पॅलिडस नावाचा भाग दोन्ही बाजूंनी उजळलेला दिसतो, पण सुरुवातीला तो एका प्रकारच्या फोटोत दिसतो, काही महिन्यांनी दुसऱ्या प्रकारच्या, आणि मधल्या काळात काहीच दिसत नाही असंही होतं. एमआरआय, बेरा आणि बाळाची प्रत्यक्ष तपासणी तिन्ही एकत्र मांडून डॉक्टर निष्कर्ष काढतात.

बुद्धी कशी राहील?

यावर माझं म्हणणं ठाम आहे. काविळीचा मार बसतो तो मुख्यतः हालचालीच्या आणि ऐकण्याच्या केंद्रांवर, विचार करणारा मेंदूचा वरचा भाग बऱ्यापैकी वाचतो. त्यामुळे यातल्या कितीतरी मुलांची समज चांगली असते. पण ज्याला ऐकू येत नाही, बोलता येत नाही, हात हवा तिकडे जात नाही, त्याला मतिमंद म्हणून मोकळं होणं लोकांना सोपं जातं. आमच्या एका तपासणीत त्याला ठोकळे रचायला दिले आणि नाही जमलं म्हणून शून्य मार्क दिले. ठोकळा त्याच्या हातात राहतच नाही हो. नजरेने उत्तर देता येईल अशी चाचणी मागा, आणि ती नाही मिळाली तर तो शिक्का मान्य करू नका.

मालिशने, आयुर्वेदाने, स्टेम सेलने बरा होतो म्हणतात, खरं का?

मालिश करा, मुलाला आवडते, पण मेलेली पेशी त्याने जिवंत होत नाही. स्टेम सेलला लाखो रुपये घालवू नका, आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या नियमांनुसार अशा आजारांसाठी ते फक्त संशोधनाच्या चाचणीतच देता येतं, आणि चाचणीत पेशंटकडून पैसे घेत नाहीत. पैसे मागितले की समजून जा. फिजिओथेरपी, ऑक्युपेशनल थेरपी, गिळायची आणि बोलायची थेरपी, अंग सैल ठेवायला न्यूरोलॉजिस्टने दिलेली बॅक्लोफेनसारखी औषधं, पैसा आणि वेळ तिथे घाला.

खर्च झेपणार नाही, सरकारी काय आहे?

बरंच आहे, विचारावं लागतं. जिल्हा रुग्णालयात एसएनसीयू, म्हणजे आजारी नवजात बाळांचा खास विभाग असतो, तिथे आजारी नवजात बाळाचा उपचार जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून आहे, त्यात जन्मजात बहिरेपणाची तपासणी येते, आणि पुढच्या थेरपीसाठी जिल्ह्याला डीईआयसी नावाचं केंद्र असतं, आशाताईंना किंवा अंगणवाडीत विचारलं तरी पत्ता मिळतो. मुंबईत बांद्र्याला अली यावर जंग संस्था आहे, ऐकण्या-बोलण्याचंच काम १९८३ पासून करते, अपंगांना साधनं देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेतल्या कॉक्लिअर इम्प्लांटचं कामही तिथूनच बघतात. त्यात वयाची अट असते, म्हणून उशीर नको. अपंगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर ताबा नसणं) आणि ऐकण्याचं अपंगत्व दोन्ही आहेत, यूडीआयडी, म्हणजे अपंगत्वाचं ओळखपत्र काढताना दोन्ही नोंदवून घ्या, आमच्या कार्डावर पहिल्यांदा एकच लिहिलं होतं.

माझ्या खाण्यामुळे किंवा दुधामुळे झालं का?

नाही. हळद, पपई, आंबा, डाळ, पिवळी साडी यातल्या कशानेही होत नाही. पहिल्या दिवसांत दूध पुरेसं पोटात गेलं नाही तर कावीळ वाढू शकते हे खरं, पण त्याला उपाय दूध बंद करणं नाही, नीट पाजायला कुणीतरी शेजारी बसून शिकवणं आहे. मला तीन दिवस कुणी विचारलंही नाही की बाळ ओढतंय का.

पुढच्या बाळाला होईल का?

भावंडाला जास्त कावीळ झालेली असेल तर पुढच्याला धोका जास्त असतो, म्हणून आधीच तयारी ठेवायची. आई ओ गटाची आणि बाळ ए किंवा बी गटाचं असेल तर परत होऊ शकतं. आई निगेटिव्ह आणि बाळ पॉझिटिव्ह असेल तर बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत अँटी-डी चं इंजेक्शन घ्यायचं, गर्भपात झाला तरी घ्यायचं. घरात कुणाला जी-सिक्स-पीडीची कमतरता असेल तर बाळाची तपासणी करा, ती जास्त करून मुलग्यांत दिसते, आणि अशा बाळाच्या आसपास डांबरगोळ्या नकोत. आजीने ट्रंकेत डांबरगोळ्या घालून जपून ठेवलेली दुपटी, टोपडी काढतात आणि धुऊन न धुऊन बाळाला गुंडाळतात, त्या वासानेसुद्धा अशा बाळाच्या लाल पेशी फुटू शकतात.

माझी मुलगी झाली तेव्हा मी पहिल्या दिवशीच डॉक्टरांपुढे मोठ्याची फाइल ठेवली. तिचाही गट बी निघाला. कूम्ब्स टेस्ट (आईच्या अँटीबॉडी बाळाच्या लाल पेशींना चिकटल्यात का ते बघणारी) केली, चोवीस तासांनी बिलिरुबिन, मग रोज. तिसऱ्या दिवशी १७ आलं, दोन दिवस लाईटखाली होती, पाचवी आम्ही वॉर्डातच केली, पाटावरवंट्याशिवाय. तीन आठवड्यांची असताना बेरा केली, तेल न लावता नेली होती. दोन्ही कानांत पाचवी लाट ३० डेसिबलला दिसली.